मिटत्या चाकूचा अडलेला खटका

शेतकऱ्याच्या खिशांतील मिटता चाकू ही वस्तु इतकी लहान आहे कीं, तिजविषयीं कोणी लेख लिहीत नाहीं. नांगर, पंप, फवारणीचें यंत्र यांवर पानेंच्या पानें छापलीं जातात. परंतु सुतळी तोडणें, कलमाची काडी छाटणें, पोत्याची शिवण उसवणें, गुरांच्या दाव्याची बसलेली गांठ कापणें, हीं कामें दिवसांतून दहा वेळां ज्याजकडून करून घ्यावयाचीं, तो चाकू अडून बसला म्हणजे काय करावें हें शेजारी सांगेल तेंच ऐकावें लागतें. प्रस्तुत लेखक शेतकी विद्येचा पदवीधर नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला, व पेठ तालुक्यांत थोडी भातशेती आणि आंब्याची लहानशी वाडी राखून असलेला एक खातेदार आहे. या विषयांत मला जें कळलें तें घरच्याच एका माणसाचें रक्त सांडल्यावर कळलें, म्हणून तें लिहून काढीत आहें.

गेल्या वर्षीं फाल्गुनांत माझा पुतण्या आपला कलमाचा चाकू घेऊन मजकडे आला. चाकू पाठीवर खटका असलेला. पातें उघडलें म्हणजे मुठीच्या पाठीवरील पोलादी पट्टी पात्याच्या बुडाशीं असलेल्या खाचेंत पडते व पातें ताठ राहतें. मिटावयाचें झाल्यास तीच पट्टी अंगठ्यानें दाबून खाचेंतून उचलावी लागते. "काका, हा खटका दाबतां दाबतां अंगठा दुखूं लागतो," अशी त्याची तक्रार होती. मीं फारसा विचार न करतां स्वयंपाकघरांतील खुरासणीच्या तेलाचे चार-पांच थेंब फटींत सोडले. खटका तेव्हांच मऊ चालूं लागला. पुतण्या खूष झाला, मीही झालों, आणि चाकू ट्रंकेंत जाऊन पडला.

आषाढांत वाडींतील रायवळ रोपांवर केशराच्या काड्यांचें पाचर कलम करावयाचें होतें. ट्रंकेंतून काढलेला चाकू फाल्गुनापेक्षां अधिकच ताठला होता. पुतण्यानें दोन्ही हातांनीं जोर करून पातें उघडलें. पातें उघडलें खरें, परंतु खटका खाचेंत पुरता पडला नाहीं. पडतांना नेहमीं होणारा 'खट्' असा आवाज त्या वेळीं झाला नव्हता, हें त्यास मागाहून आठवलें. तेव्हां पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि काड्या सुकण्याच्या आंत काम उरकण्याची घाई होती. पहिल्या आठ-दहा काड्या सुखरूप छाटल्या गेल्या, कारण काडी छाटतांना जोर धारेवर येतो आणि पातें अधिकच उघडें राहूं पाहतें. नंतर रोपाचा शेंडा कापून त्यास मधोमध चीर देतांना पातें लांकडांत रुतलें. तें सोडविण्यासाठीं त्यानें मूठ वर-खालीं हालवतांच जोर पात्याच्या पाठीवर आला, अर्धवट पडलेला खटका निसटला, आणि पातें तर्जनीवर मिटलें. पांच टाके पडले. शीर वांचली म्हणून बोट वांचलें. ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवलेल्या साठ काड्या कोणी हात न लावल्यामुळें तशाच वाळल्या, व त्या हंगामाचीं कलमें राहून गेलीं.

यांत चाकूचा दोष थोडा होता, घाईचा थोडा होता. मोठा वांटा माझ्या तेलाचा होता.

तेल म्हटलें म्हणजे वंगण, अशी आपली समजूत असते. परंतु जवस, खुरासणी, करडई यांच्या तेलांत असे घटक पुष्कळ असतात कीं, ते हवेंतील प्राणवायु शोषून घेतात व एकमेकांशीं जोडले जातात. अशा तेलास लोक 'सुकणारें' म्हणतात. त्यांतून पाणी उडत नसतें, तर तें घट्ट होत जाऊन प्रथम चिकट, पुढें राळेसारखें आणि अखेर कातड्यासारखें होतें. जवसाचें तेल रंगांत घालतात तें याच गुणासाठीं. करडईचें तेल उकळून केलेलें रोगण पूर्वीं मोटेच्या कातड्यास चोपडीत असत, तेंही कातड्यांत पाणी मुरूं नये म्हणूनच. मोटेस राखणारा हा गुण चाकूच्या फटींत डिंकाचें काम करतो. शेंगदाण्याचें तेल इतक्या लवकर घट्ट होत नाहीं, पण कालांतरानें चिकट होतेंच. खोबरेल तर थंडींत थिजतें. तेव्हां स्वयंपाकघरांतील कोणतेंही तेल खटक्यास घालूं नये, असें माझें मत झालें आहे. शिलाईच्या यंत्रास घालावयाचें पातळ तेल खनिज जातीचें असतें. तें हवेनें घट्ट होत नाहीं. ज्या चाकूनें फळ कापून खावयाचें असेल त्यास औषधाच्या दुकानांत मिळणारें लिक्विड पॅराफिन लावावें.

आतां उपायाकडे वळण्यापूर्वीं आपला चाकू कोणत्या जातीचा आहे हें ओळखिलें पाहिजे, कारण एकाचा उपाय दुसऱ्यास लागूं पडत नाहीं. कचेरींत आम्ही पेन्सिली तासण्यासाठीं वापरीत असूं तो जुना चाकू बिनखटक्याचा असे. त्याच्या पाठीस केवळ एक कमान असते. ती पात्यास दाबून धरते, अडकवून ठेवीत नाहीं. असल्या चाकूवर उलट्या बाजूनें जोर कधींच देऊं नये. पाठीवरील खटक्याचा प्रकार १९६४ मध्यें अमेरिकेंत निघालेल्या बक कंपनीच्या '११०' या चाकूमुळें जगभर पसरला. आज आपल्या बाजारांतील पुष्कळ चाकू त्याच धर्तीचे असतात. तिसऱ्या प्रकारांत मुठीच्या आंत एक पातळ पट्टी असते. पातें उघडतांच ती आडवी सरकून पात्याच्या बुडास मागून टेकते. मायकेल वॉकर नांवाच्या अमेरिकन कारागिरानें १९८० नंतर तिला आजचें रूप दिलें. चवथा प्रकार फिरत्या कडीचा. फ्रान्समधील सॅव्हॉय या डोंगरी प्रांतांत जोसेफ ओपिनेल यानें १८९० मध्यें लांकडी मुठीचे साधे चाकू करण्यास आरंभ केला. तेथील शेतकऱ्यांत ते इतके रुळले कीं आजही ते त्याच नांवानें ओळखले जातात. १९५५ पासून त्यांच्या मुठीच्या तोंडाशीं एक चिरलेली पोलादी कडी येऊं लागली. कडी फिरवली म्हणजे पातें मिटण्याची वाट बंद होते.

या ओपिनेल चाकूची एक गोष्ट आम्हां पेठकरांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे. त्याची मूठ लांकडाची असल्यामुळें ओल पिऊन फुगते व पातें चिमट्यांत धरल्यासारखें होतें. सॅव्हॉयकडील लोक तेव्हां कडी मोकळी करून मुठीचें बूड टेबलावर हलकेंच ठोकतात, म्हणजे पात्याचें टोंक नखांत येण्याइतकें वर येतें. आमच्या तालुक्यांत वर्षाकाठीं सुमारें दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडील येवल्यास याचा तिसरा हिस्साही पुरता मिळत नाहीं. एकाच जिल्ह्यांत, एकाच दुकानांतून घेतलेला लांकडी मुठीचा चाकू येवल्यास सैल व पेठेस ताठ, असें होणें स्वाभाविक आहे. पावसाळ्यांत फुगलेली मूठ आंतून तासूं नये. माझ्या घरच्या कपाटाचें दार एकदां श्रावणांत लागेना म्हणून मीं सुतारास बोलावून तासून घेतलें, आणि चैत्रांत त्यांतून उंदीर जाऊं लागला. चाकूचेंही तसेंच होतें: मूठ श्रावणांत तासावी तर उन्हाळ्यांत पातें डुलूं लागतें. लांकडी मुठीचा चाकू चुलीपासून दोन हात दूर, उबेच्या जागीं आठ दिवस ठेवावा. मूठ वाळली म्हणजे तिच्या आंतबाहेर थोडें मेण चोळावें. जवसाचें तेल येथें चालतें, कारण तें लांकडास द्यावयाचें आहे. मात्र खिळीच्या व कडीच्या बाजूस तें जाऊं देऊं नये.

लोखंडी किंवा नायलॉनच्या मुठीचा चाकू ताठला असेल तर दोष बहुधा फटींत सांपडतो. आंब्याचा चीक आम्लधर्मी असतो. तो पोलादास खातो, त्यावर धूळ व लांकडाचा भुसा बसतो, वर घरचें तेल पडतें, आणि सर्वांचा मिळून एक काळा थर खाचेंत जमतो. खाच अशी भरली म्हणजे खटका एक तर उचलत नाहीं किंवा आंत पडत नाहीं. मिटत नाहीं असा चाकू फार तर त्रास देतो. ज्याचा खटका पुरता न पडतां पडल्यासारखा दिसतो, तो चाकू बोट तोडतो. म्हणून "उघडतो ना, मग झालें" असें म्हणणाऱ्याच्या हातचा चाकू मी हल्लीं आधीं मागून पाहतों.

साफ करण्याची रीत अशी. प्रथम धारेवर जाड चिकटपट्टी लावावी. ही गोष्ट पुष्कळांस पोरकट वाटते, परंतु पुढील सर्व कामांत पातें शंभर वेळां उघडावें-मिटावें लागणार असतें. चाकू उघडून, एका उथळ भांड्यांत बुडेल इतकें रॉकेल घेऊन रात्रभर ठेवावा. रॉकेल आतां पूर्वीसारखें सहज मिळत नाहीं. तें नसल्यास पंपाचें डिझेल चालतें. भांडें चुलीपासून लांब ठेवावें हें सांगावयास नको. सकाळीं बांबूची बारीक कामटी तासून तिनें खाच व फट कोरावी. बांबू पोलादास ओरखडा पाडीत नाहीं. खिळा किंवा सुई घालूं नये. जुन्या दांतांच्या ब्रशानें घासावें, पातें वारंवार हालवावें, पुन्हां बुडवावें. काळें पाणी निघावयाचें थांबलें म्हणजे गरम साबणाच्या पाण्यानें धुवावें.

तेल फार दिवसांचें असून कातड्यासारखें झालें असेल, तर एवढ्यानें भागत नाहीं. माझ्या पुतण्याच्या चाकूस असेंच झालें होतें. गरम पाण्यांत धुण्याचा सोडा विरघळवून त्यांत अर्धा तास ठेवल्यावर तो थर साईसारखा सुटला. परंतु मूठ ॲल्युमिनियमची किंवा लांकडाची असेल तर सोडा वापरूं नये. ॲल्युमिनियमला तो खातो व लांकडाची रया घालवितो.

धुतल्यावर चाकू पुरता वाळला पाहिजे, कारण आंत राहिलेलें पाणी रात्रींत गंज आणतें. येथें एक मोठी चूक घडते. लवकर वाळावा म्हणून, किंवा गंजलेली खीळ सुटावी म्हणून, कित्येक जण चाकू निखाऱ्यावर धरतात. पात्यावर पिंवळसर व मग निळी झांक आली कीं त्याचें पाणी उतरलें असें लोहार सांगतो, व तें खरें आहे. खटक्याच्या पट्टीचें पाणी उतरलें तर तिचा ताव जातो व ती वांकून राहते. उन्हांत किंवा कोरड्या फडक्यांत ठेवणें हेंच बरें. नंतर खिळीपाशीं यंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडावा, पातें वीसेक वेळां हालवावें, व बाहेर आलेलें तेल पुसून टाकावें. अधिक तेल घातल्यानें अधिक धूळ येते.

आंतील पट्टीच्या खटक्याचा आजार थोडा निराळा असतो. तेथें घाण नसतांही पट्टी पात्याच्या बुडास घट्ट चिकटते व अंगठ्यानें सरकत नाहीं, कारण पोलादावर पोलाद दाबलें गेलेलें असतें. यास तेल घालूं नये, घातल्यास पट्टी घसरण्याचें भय असतें. साध्या पेन्सिलीचें टोंक पात्याच्या बुडावर, पट्टी जेथें टेकते त्याच जागीं, चार वेळां घासावें. पेन्सिलींतील ग्राफाइट हें कोरडें वंगण आहे. त्यानें चिकटणें बहुधा जातें, आणि पकड तशीच राहते. जन्मभर पेन्सिली झिजवून तिचा हा उपयोग मला निवृत्तीनंतर कळला.

नवा चाकू कमानीच्या कडकपणानें ताठ असेल तर त्यास कांहींच करूं नये. चिकटपट्टी लावून रोज संध्याकाळीं पन्नास वेळां उघडावा-मिटावा. पंधरा दिवसांत तो वठणीवर येतो. खिळीच्या जागीं स्क्रू असल्यास तो पाव फेऱ्याहून अधिक सैल करूं नये, व मग पातें डुलतें कीं काय हें पाहावें. खटक्याचें तोंड किंवा खाच कानशीनें घासण्याचा मोह मात्र कटाक्षानें टाळावा. तेथें केसाइतकें पोलाद गेलें तरी खटका खोटा होतो, आणि गेलेलें पोलाद परत येत नाहीं. तसेंच खटका दगडानें ठोकून दाबूं नये. तो एकदम सुटतो तेव्हां हात कोठें असेल हें आपल्या स्वाधीन राहत नाहीं.

चाकू मिटतांना बोटें कोठें ठेवावीं, हेंही या निमित्तानें सांगतों. पाठीवरील खटका एका हाताच्या अंगठ्यानें दाबावा व पात्याची पाठ दुसऱ्या हाताच्या तळव्यानें ढकलावी. मूठ धरणारीं बोटें मुठीच्या दोन्ही अंगांस असावीं, पात्याच्या घळींत एकही वांकलेलें नसावें. आंतील पट्टीच्या चाकूंत पट्टी सरकविणारा अंगठाच पात्याच्या वाटेंत असतो. पातें खाचेंतून सुटून थोडें वळतांच अंगठा काढून घ्यावा व मग मिटावें. ताठ चाकूस जोर लावणारा मनुष्य नेमका हाच क्रम विसरतो.

साफसफाई झाल्यावर परीक्षा घ्यावी. पातें उघडतांना 'खट्' आवाज यावा. पाठीवरील पट्टी मुठीच्या पाठीशीं सपाट बसली आहे कीं किंचित् वर राहिली आहे, हें बोट फिरवून पाहावें. मूळचा नवा असतांना ती कशी बसत असे हें ठाऊक असल्यास उत्तम. मग मूठ दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरून, बोटें घळीबाहेर ठेवून, पात्याची पाठ पाटावर टेकवावी व हळूहळू जोर द्यावा. ठोका मारूं नये. सावकाश दाबल्यास खोटा खटका आपोआप सरकूं लागतो व तें डोळ्यांस दिसतें. जो चाकू या परीक्षेंत दोनदां सरकला, त्याजवर पुढें मेहनत करण्यांत अर्थ नाहीं.

कलमाच्या हंगामांत आणखी एक अडचण येते. एका झाडावरून दुसऱ्यावर रोग जाऊं नये म्हणून पातें स्पिरिटानें पुसावें असें सांगतात व तें योग्यच आहे, पण त्यानें खिळीपाशींचें तेलही निघून जातें. दिवसाअखेर चीक पुसून पुन्हां एक थेंब द्यावा लागतो. स्टेनलेसचें पातें असल्यास कांहीं करावें लागत नाहीं, हा समज चुकीचा आहे. तें गंजतें कमी, मुळींच गंजत नाहीं असें नाहीं, आणि मुठींतील पट्टी व कमान पुष्कळदां साध्या पोलादाचीच असते. चामड्याच्या म्यानांत चाकू पावसाळाभर ठेवूं नये, चामडें ओल धरून ठेवतें.

कायद्याविषयीं विचारणारेही भेटतात, म्हणून दोन शब्द. शस्त्र अधिनियम १९५९ यांतील व्याख्येप्रमाणें केवळ घरगुती किंवा शेतकी उपयोगासाठीं बनविलेल्या वस्तु शस्त्रांत मोडत नाहींत. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालीं मनाई आदेश निघतात, तेव्हां सार्वजनिक ठिकाणीं सुरे-चाकू बाळगण्यास बंदी असते. अशा दिवसांत बाजारास जातांना चाकू घरींच ठेवावा. हवालदारासमोर कलमाची माहिती सांगत बसण्याची वेळ येऊं नये.

या वर्षीं आम्ही काम वांटून घेतलें आहे. काडी छाटण्यास मिटता चाकू, व रोपास चीर देण्यास न मिटणारी आंखूड सुरी. पातें लांकडांत रुतण्याचा प्रसंग चिरेच्या वेळींच येतो, आणि जी सुरी मिटतच नाहीं तिचा खटका अडण्याचा प्रश्न नाहीं. पुतण्याची तर्जनी थंडींत अजून ताठते, तथापि काडी धरतां येते. त्याचा तो जुना चाकू सोड्यानें धुऊन, तेल देऊन मीं दुरुस्त केला; पाटावरच्या परीक्षेंत तो तीन वेळां टिकला. त्यास परत देऊं केला असतां त्यानें घेतला नाहीं, व मीही आग्रह केला नाहीं. तो माझ्या टेबलावर असतो व टपालाचीं पाकिटें फोडण्याच्या कामीं येतो.